जुन्या डब्यातले शिंपले आणि नवीन फ्लॅटचा हॉल, कसं सजवू?

पडवीतली_मनू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतंच वाचतेय इथे, आज पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न घेऊन आलेय, जरा लांबलचक होईल.

माझं आजोळ वेळणेश्वरचं. लहानपणी दर मे महिन्यात दीड महिना तिथेच असायचो आम्ही सगळी भावंडं, रोज संध्याकाळी समुद्रावर आणि येताना फ्रॉकच्या ओच्यात शिंपले. आजी ते सगळे विहिरीवर धुवून एका जुन्या तुपाच्या डब्यात भरून ठेवायची, कधी टाकले नाहीत तिने. चार वर्षांपूर्वी आजी गेली, घरही आता भावकीत गेलंय, माझ्या वाट्याला मी मागून घेतला तो हा डबा. साधारण तीन-साडेतीन किलो शिंपले असतील, तिसऱ्या (आपण खातो त्या दोन टरफलांच्या), मळसूत्रासारखे बोटभर लांब शंख, गुळगुळीत गोल गोल गोगलगाईच्या आकाराचे, आणि तळाशी एका फडक्यात बांधलेल्या चार कवड्या ज्या मी तरी कधी गोळा केल्याचं आठवत नाही.

पुण्यात धायरीला आमचा फ्लॅट आहे, दोन वर्षं झाली, हॉल पश्चिमेकडे आहे, संध्याकाळचं ऊन छान येतं. आता दिवाळीच्या आधी रंग काढायचाय तर मनात आलं की हॉलला समुद्राचा फील द्यावा. नेटवर बघितलं तर सगळीकडे तेच, पांढऱ्या भिंती, निळे पट्टे असलेल्या उशा, लाकडी नांगर, स्टारफिश, जहाजाचं चाक. सुंदर दिसतं पण ते बघून मला वेळणेश्वर आठवत नाही हो, कुठलं तरी हॉटेल आठवतं.

तर प्रश्न असे:
शिंपले नेमके लावायचे कसे, भिंतीवर चिकटवू का, आरशाला लावू, की काचेच्या बरणीत?
दुसरं म्हणजे त्यातले वीसेक चांगले शिंपले मी दोन वर्षांपूर्वी टीव्ही युनिटच्या काचेच्या कपाटात मांडले होते, त्यांच्यावर आता पांढरी भुकटी आलीये, हात लावला की पिठासारखी लागते. डब्यातले मात्र ठणठणीत आहेत! बुरशी आहे का? पुण्यात कसली आलीये एवढी दमट हवा?
आणि ते कापिझचे दिवे मिळतात ना, शिंपल्याच्या चकत्यांचे, झुंबरासारखे, ते कोणी वापरलेत का?

बजेट फार नाही, वीस-पंचवीस हजारांत हॉलचं सगळं बसवायचंय, रंग धरून नाही.

खाडीकाठ

मनूताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण ते तातडीचं आहे. ती बुरशी नाही. आजच्या आज ते वीस शिंपले त्या कपाटातून बाहेर काढा.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो, आमच्या विभागाच्या संग्रहात हेच झालं होतं म्हणून इतक्या खात्रीने सांगतोय. याला बाइनचा रोग म्हणतात. बाइन नावाचा इंग्रज शिंपले-संग्राहक होता, त्याने १८९९ मध्ये यावर लिहिलं, त्याला वाटलं होतं की हे जंतूंमुळे होतं म्हणून ‘रोग’ हे नाव पडलं ते पडलंच. खरं कारण जंतू नाहीत, लाकूड आहे. लाकडातून, त्यातही प्लायवूड आणि एमडीएफमधून, अ‍ॅसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते. शिंपला म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट, आपला खडू किंवा संगमरवर असतो तसाच. बंद कपाटात ती वाफ कोंडते, हवेतल्या ओलाव्याबरोबर शिंपल्यावर बसते, आणि वरचा थर खाऊन त्याचे क्षार करून टाकते. ती भुकटी म्हणजे तुमचा शिंपलाच आहे, थोडा थोडा झडतोय. आजींचा डबा पत्र्याचा म्हणून आतले वाचले.

उपाय सोपा आहे. ती भुकटी पाण्यात विरघळते. साध्या गोड्या पाण्यात एक दिवस ठेवा, मध्ये दोन-तीनदा पाणी बदला, जुन्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने घासा, मग सावलीत चांगले आठवडाभर वाळू द्या, मळसूत्री शंखांच्या आतलं पाणी लवकर वाळत नाही. जेवढं खाल्लं गेलंय तेवढं परत येणार नाही, चकाकी गेली ती गेली, पण पुढचं थांबेल. नंतर काच, पत्रा, चिनी माती यांतच ठेवा, किंवा उघड्यावर जिथे हवा खेळते तिथे. पुठ्ठ्याच्या खोक्यातसुद्धा बंद करून ठेवू नका, कागद-पुठ्ठाही त्याच जातीचा.

आणि हात जोडून एक सांगणं, व्हिनेगर, लिंबू, चिंच यांतलं काही लावू नका! यूट्यूबवर लोक व्हिनेगरमध्ये बुडवून शिंपले चमकवताना दाखवतात, ते चमकतात कारण वरचा थर विरघळलेला असतो. पितळेला चिंच लावतो तसं इथे नाही चालत. ब्लीचचीही तुमच्या शिंपल्यांना गरज नाही, तीस वर्षांपूर्वीच धुतलेले आहेत ते. फार कोरडे, निस्तेज वाटले तर बोटावर दोन थेंब बेबी ऑइल घेऊन पुसून घ्या, रंग लगेच उठून येतो. व्हार्निश नको, काही वर्षांत पिवळं पडतं.

चिकटवायचं असेल तर गोंद बघून घ्या. लाकडाला वापरतो तो पांढरा गोंद पण हेच आम्ल सोडतो, आणि ट्यूबमधलं ज्या सिलिकॉनला आंबट वास येतो ते तर सोडतंच. दोन ट्यूबवालं इपॉक्सी किंवा न्यूट्रल सिलिकॉन मागा दुकानात.

अजून एक गंमत सांगतो, डब्यातल्या तिसऱ्या जरा निरखून बघा. काहींना वरच्या टोकाशी एक गोल भोक असेल, ड्रिलने पाडल्यासारखं, कडा आत निमुळत्या होत गेलेल्या. ते तुम्ही म्हणताय त्या गुळगुळीत गोल गोगलगाईंनी पाडलेलं असतं. ती वाळूखाली तिसरीला धरते, रस सोडून सोडून आणि जिभेने खरवडून भोक पाडते आणि आतलं मांस खाते. म्हणजे तुमच्या डब्यात शिकार आणि शिकारी दोघंही आहेत. आणि तुमच्या कामाचं म्हणजे तोरण करायचं असेल तर दोरा ओवायला आयतं भोक मिळालं, पाडायला गेलात तर निम्मे फुटतील.

हर्णैची_लेक

मनू ताई तुमचं वाचून मला जरा बोलावंसं वाटलं. मी कोळी आहे, हर्णैची, आता लग्न होऊन पनवेलला असते.

आमच्या घरात शिंपले शोभेला कधीच कोणी ठेवले नाहीत, कालवं काढली की शिंपा मागच्या दारी, तिसऱ्या खाल्ल्या की टरफलं बाहेर, तो कचराच. पूर्वी त्याचा भाजून चुना करायचे, म्हातारी माणसं सांगतात, पानाला लावायचा पण आणि भिंतीला पण. त्यामुळे शहरात लोक शिंपल्याला एवढे पैसे देतात ते बघून मला आधी नवल वाटायचं.

पण मला सांगायचंय ते रंगाचं. हे समुद्राचं घर म्हणजे पांढरं आणि निळं हे कोणी ठरवलं? आमच्या वाड्यात या एकदा. एक घर पोपटी, शेजारचं गुलाबी, त्याच्या पुढचं मोरपंखी, दाराला पिवळी चौकट. होड्या बघा, लाल पिवळ्या हिरव्या, पुढे नाव रंगवलेलं, नारळी पौर्णिमेला तर पताका आणि फुलं लावून अशा सजवतात की नवरी मागे पडेल. दिवसभर डोळ्यासमोर राखाडी पाणी असतं ना, पावसाळ्यात तर आभाळ पण तेच, मग घरात रंग लागतो माणसाला. बाबा म्हणायचे लांबून आपली होडी ओळखता आली पाहिजे.

तर माझं म्हणणं एवढंच की सगळं पांढरं करू नका. एक भिंत तरी होडीच्या रंगाची करा. आणि जाळ्याचे जुने बोये, म्हणजे जाळं तरंगत ठेवणारे गोळे, मिळतात बंदरावर, कोणी टाकून दिलेले, उन्हाने फिके झालेले असतात, ते एका सुंभात ओवून टांगा, छान दिसतात, आणि ते खरे वापरलेले आहेत. फक्त घरी आणल्यावर साबणाच्या पाण्यात दोन दिवस ठेवा, वास जात नाही लवकर 🙂

पडवीतली_मनू

खाडीकाठ सर, तुमचं उत्तर वाचून मी तशीच उठले आणि सगळे शिंपले काढले कपाटातून, काच उघडल्यावर खरंच आंबूस वास आला! दोन वर्षांत माझ्या लक्षात कसं नाही आलं. एक छोटा शंख होता तपकिरी नक्षीचा, त्याची नक्षी जवळजवळ गेलीच आहे, फार वाईट वाटलं. बाकीचे आत्ता बादलीत आहेत. आणि भोकं पडलेल्या तिसऱ्या मोजल्या, एकतीस निघाल्या!! मुलीला दाखवलं तर ती आता प्रत्येक शिंपला भिंगाखाली धरून बसलीये.

हर्णैची लेक, तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. आजीच्या घराच्या खिडक्या पण पोपटी होत्या, मी विसरूनच गेले होते. पांढऱ्या भिंती कुठेच नव्हत्या तिथे, खालून जांभ्याचा गेरूसारखा लाल पट्टा आणि वर चुना, तोही कधीच पांढराशुभ्र नसायचा.

अजून एक, सासूबाई म्हणतायत शिंपले म्हणजे मेलेल्या जिवाचं घर, हॉलमध्ये नको. त्यांना दुखवायचं नाहीये. काय सांगू?

रेवती_नाशिक

सासूबाईंना सांगा की देवघरातला शंख पण तेच आहे :) आमच्याकडे पण हा प्रश्न आला होता. मी वाद नाही घातला, त्यांनाच विचारलं की तुमच्या माहेरी तुळजाभवानीची परडी होती ना, मग गळ्यात काय घालायचे आराधी? कवड्यांची माळ. लक्ष्मीसुद्धा समुद्रातूनच आली. मग त्याच म्हणाल्या की स्वच्छ जागी ठेव, पायदळी नको आणि चपलांच्या शेजारी नको. एवढंच पाळलं मी, शू रॅकवर ठेवणार होते ते खिडकीत ठेवले. त्यांचं म्हणणं राहिलं आणि खरं सांगू तर खिडकीतच जास्त छान दिसतात.

सासष्टीकर

कापिझबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी लिहितो, मडगावजवळ आमचं जुनं घर आहे.

गोव्यात ज्या जुन्या घरांच्या खिडक्या बघायला लोक येतात ना, काचेऐवजी चौकोनी दुधी तुकडे बसवलेल्या, त्या या शिंपल्याच्याच. चपटा गोल शिंपला, तळहाताएवढा, अभ्रकासारखा पातळ आणि अर्धपारदर्शक. काच महाग होती त्या काळी, आणि हा शिंपला इथेच खाडीत मिळायचा, झुआरीच्या मुखाशी चिखलीच्या बाजूला अजूनही आहे. कडा कापून आयताकृती चकत्या करायच्या आणि लाकडाच्या बारीक पट्ट्यांच्या खाचेत सरकवायच्या, गोंद नाही की खिळा नाही, एखादी फुटली तर तेवढीच काढून दुसरी घालायची. दुपारच्या वेळी आत जो उजेड पडतो तो ज्याने बघितलाय त्याला कळेल, ऊन असतं पण डोळ्यावर येत नाही, ताकासारखा उजेड. माझ्या आजोबांच्या खोलीत अशा दोन खिडक्या आहेत, बाकीच्या १९८० च्या आसपास काढून काचा लावल्या, त्याची हळहळ आज आम्ही सगळे करतो.

आता तुमच्या दिव्याचं. कापिझ हे नाव फिलिपिन्समधल्या त्याच नावाच्या प्रांतावरून आलंय, तिथे याचे दिवे, झुंबरं करायचा मोठा धंदा आहे. पण आपल्याकडे हाच शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. १९७२ चा कायदा, त्यात २००१ मध्ये प्रवाळ, समुद्रघोडे, सी फॅन आणि काही जातींचे शंख-शिंपले घातले, त्यात हा पण आला. त्यामुळे रस्त्यावर किंवा ऑनलाइन कोणी विकत असेल तर तो कुठून आलाय हे तुम्हाला कळणार नाही, मी तरी घेऊ नका म्हणेन. तसंच प्रवाळाचा तुकडा, वाळवलेला समुद्रघोडा, मोठा नॉटिलस शंख, हे कोणी भेट म्हणून दिलं तरी नको म्हणा.

तुम्हाला तो उजेडच हवा असेल तर हातकागदाची शेड करून घ्या. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहेच, तिथला जाड, धागे दिसणारा कागद घ्या आणि लाकडी पट्ट्यांच्या छोट्या छोट्या चौकटीत बसवा, आत पिवळट एलईडी. मी मुंबईच्या फ्लॅटमध्ये हेच केलंय, आजोबांची खोली आठवते.

खाडीकाठ

सासष्टीकरांनी बरोबर सांगितलं. मी त्याला जोडून एवढंच म्हणेन की मनूताईंनी आता नवीन शिंपले गोळाही करू नयेत आणि विकतही घेऊ नयेत, तीन किलो पुष्कळ आहेत. दुकानात पिशवीत भरून मिळणारे चकचकीत, एकसारखे, एकही ओरखडा नसलेले शंख किनाऱ्यावर वेचलेले नसतात. लाटांनी आणलेला शंख थोडा तरी झिजतो, टवका उडतो. ज्यांना ओरखडा नाही त्यातले पुष्कळसे जिवंत असतानाच काढलेले असतात. स्टारफिशचं तर सरळ आहे, सगळे सुकवलेले प्राणीच आहेत ते.

आणि रिकामा शिंपला बिनकामाचा नसतो हो. साधू खेकड्याला तो घर म्हणून लागतो, अंगाने वाढला की मोठं घर शोधतो. स्पेनमध्ये एका किनाऱ्यावर १९७८-८१ आणि नंतर २००८-१० असं मोजून बघितलं होतं, पर्यटक जवळपास तिप्पट झाले आणि वाळूवरचे शिंपले जवळपास एक तृतीयांशावर आले, आणि मधल्या काळात तिथे मासेमारीत वगैरे तसा मोठा फरक झालेला नव्हता. एकेकाने खिशातून चार चार नेले, बाकी काही नाही.

टँपाची_सुमा

मी फ्लोरिडात असते. इथे जवळच सॅनिबेल नावाचं बेट आहे, शिंपल्यांसाठी इतकं प्रसिद्ध की लोक कंबरेत वाकून चालतात त्याला ‘सॅनिबेल स्टूप’ असं नावच आहे. आणि तिथेच नियम असा की आत जीव असलेला शिंपला उचलायचा नाही, वरच्या सरांचं वाचून आठवलं.

मनू, तुला एक आयडिया देते. तुझ्याकडे बारीक शिंपले भरपूर असतील ना, नखाएवढे? तर ‘सेलर्स व्हॅलेंटाइन’ म्हणून एक प्रकार असतो, अष्टकोनी लाकडी पेटी, वर काच, आत बारीक बारीक शिंपले रंगांप्रमाणे लावून केलेली नक्षी, मधोमध फूल किंवा होकायंत्र, बाजूने पाकळ्या. साधारण १८३० ते १८८० या काळातले. आधी वाटायचं की खलाशी जहाजावर बसून बायकोसाठी करायचे, पण नंतर कळलं की बहुतेक सगळे बार्बाडोस बेटावरच्या बायका करायच्या आणि खलाशी घरी जाताना विकत न्यायचे. मी म्युझियममध्ये बघितला तेव्हा पहिला विचार काय आला माहितीये, अगं ही तर रांगोळी! तीच समरूपता, मधून सुरू करून बाहेर जायचं, तेच ठिपक्यांसारखं एकेक मांडणं. आपल्या बायकांना हे शिकवावं लागणार नाही.

लाकडाची पेटी नको आता हे कळलंच, तर पितळी परात किंवा पत्र्याचं गोल ताट घे, कोरडी बारीक वाळू पसर, आणि त्यावर न चिकटवता मांड. कंटाळा आला की मोडून नवीन मांडायची. वरून काच ठेव म्हणजे धूळ नाही. मी माझ्या कॉफी टेबलावर गेली पाच वर्षं ठेवलीये, दर दिवाळीला मी आणि मुलगा नवीन मांडतो. वाळू मात्र समुद्राची खारट असेल तर धुवून वाळवून घे, नाहीतर मीठ पाणी धरतं.

रेषा_आणि_चौकट

इंटिरियरचं काम करते म्हणून दोन शब्द. अशा विषयावर क्लायंट आले की मी पहिलं विचारते की तुम्ही समुद्रावर सुट्टीला जाता की तुमचं तिथे घर होतं? सुट्टीवाल्यांना नांगर आणि निळे पट्टे आवडतात आणि त्यांना ते शोभतंही, मी आनंदाने करून देते. पण मनू, तुझं तिथे घर होतं. तुला समुद्र आठवत नाहीये, पडवी आठवतेय, नावातच आहे तुझ्या. म्हणून त्या फोटोंनी तुझं समाधान होत नाहीये.

तर पडवीतल्या वस्तू आण. काथ्याची जाड मॅट, ती विणलेली खरखरीत, पावसाळ्यात तिचा वास येतो तो तुला लगेच ओळखू येईल. एक लाकडी बाक भिंतीलगत, सोफ्याच्या दोन खुर्च्या कमी करून. झोपाळ्याला हुक मारण्याआधी मात्र स्लॅबचं बिल्डिंगच्या इंजिनिअरला विचारून घे, मी असे दोन प्लास्टर उखडलेले बघितलेत. खाली जांभ्याच्या रंगाचा दोन-अडीच फूट पट्टा आणि वर मोडका पांढरा, म्हणजे ज्यात जरा पिवळट झाक आहे असा. खरा चुना लावायचा असेल तर जुन्या प्लास्टिक पेंटवर तो धरत नाही, खरवडावं लागेल, खर्च वाढेल, त्यापेक्षा मॅट इमल्शन घे आणि विषय संपव. हर्णैच्या ताईंचा पोपटी रंग खिडकीच्या चौकटीला दे, अख्ख्या भिंतीला नको, पश्चिमेचं ऊन पडलं की पोपटी भिंत सगळ्या खोलीला हिरवं करते, माणसांचे चेहरेसुद्धा.

शिंपले भिंतीवर चिकटवू नकोस. आरशाच्या चौकटीला तर नकोच, धूळ बसते, पुसताना तुटतात, आणि दोन वर्षांत काढून टाकावंसं वाटतं. तीन किलोतले शंभर-सव्वाशे निवड, बाकीचे डब्यात राहू देत, डबा स्वतःच बघायला ठेव, तो पत्र्याचा जुना डबा सगळ्यात सुंदर वस्तू असणार आहे त्या खोलीत. ज्या खिडकीत पाच-साडेपाचला तिरपं ऊन येतं तिथे भोकवाल्या एकतीस तिसऱ्या उभ्या दोऱ्यांना ओव, एका दोऱ्यात पाच-सहा, मध्ये चार बोटं अंतर. तिसरीचं टरफल पातळ असतं, मागून ऊन आलं की गुलाबी-जांभळं दिसतं. कापिझ लागणारच नाही. दोरा सुती नको, कुजतो, मासेमारीचाच नायलॉन घे.

सगळं मिळून तुझ्या बजेटात बसेल आणि पैसे उरतील. बाक जुन्या बाजारात बघ, नवा करू नकोस.

अण्णा_राजापूर

सगळे शिंपल्यांवर बोलताहेत, त्या फडक्यातल्या चार कवड्यांबद्दल कोणीच काही म्हटलं नाही. त्या शोभेच्या नाहीत बाळ. चारच आहेत ना? आणि पाठीवर झिजून गुळगुळीत झालेल्या असतील. त्या चल्लसआठच्या कवड्या.

आमच्याकडे पावसाळ्यात दुपारी दुसरं काय असायचं? पडवीत जमिनीवर खडूने किंवा कोळशाने पाच बाय पाचचा पट काढायचा, चारी बाजूंच्या मधल्या घरात आणि मधोमध फुल्या, ती सुरक्षित घरं. चौघं चार बाजूंना, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, त्या म्हणजे फुटक्या बांगड्यांचे तुकडे, चिंचोके, मिळेल ते. कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या तितकी घरं, चारी उताण्या पडल्या की चल्लस म्हणजे चार, चारी पालथ्या पडल्या की आठ, आणि दोन्हींना पुन्हा खेळायला मिळतं. दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. माझी आई आणि काकू भांडायच्या यावरून, आणि मग दोन दिवस एकमेकींशी बोलायच्या नाहीत, तिसऱ्या दिवशी परत पट मांडलेला.

ज्यांच्याकडे कवड्या नसत ते चिंचोके फोडून त्याची डाळ करत. ज्यांच्याकडे असत ते फडक्यात बांधून ठेवत, हरवू नयेत म्हणून. तुमच्या आजीनेही तेच केलं असणार.

पडवीतली_मनू

सगळ्यांना उशिरा लिहितेय, सव्वा महिना झाला, रंगाचं काम लांबलं.

पट्टा जांभ्याचा झाला, रंगाऱ्याला शेड दाखवायला मी बॅगेत पडलेला वेळणेश्वरच्या चिऱ्याचा तुकडा नेला होता, तीन वेळा मिसळून चौथ्यांदा जमला. खिडक्यांची ॲल्युमिनियमची चौकट पोपटी करता येईना, नीट धरत नाही म्हणाले, म्हणून आतून लाकडी पट्टी मारून ती रंगवली. काथ्याची मॅट आली. बाक अजून मिळाला नाहीये, शोधतेय. झोपाळ्याला इंजिनिअरने नाही म्हटलं, बरं झालं विचारलं.

तिसऱ्यांच्या पाच माळा झाल्या. तीन तिसऱ्या ओवताना फुटल्या, अठ्ठावीस राहिल्या. संध्याकाळी सहाच्या सुमारास सासूबाई चहा घेऊन त्या खिडकीपाशीच बसतात आता, मी काहीच बोलले नाही आणि त्याही नाही. ज्या शंखाची नक्षी गेली तो फेकवला नाही माझ्याच्याने, तोही परातीत ठेवलाय, सुमाची वाळूची परात केलीये, लेकीने मधोमध कमळ मांडलं.

हर्णैची लेक, बोये मिळाले नाहीत अजून, डिसेंबरात तिकडे येणार आहोत तेव्हा बंदरावर विचारेन, मासळीचा लिलाव संध्याकाळी किती वाजता असतो ते सांगाल का?

आणि अण्णा, तुमचं वाचून मी आईला फोन केला. चल्लसआठ म्हटल्यावर पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मग म्हणाली, तुझ्या आजीला आठ पडायचे, सारखे आठ पडायचे, आम्ही म्हणायचो तू कवड्यांना काहीतरी शिकवलंयस. मागच्या रविवारी आई आली होती तर नवीन मॅट गुंडाळून बाजूला केली आणि फरशीवर खडूने पट काढला तिने, हात कापतो थोडा, रेषा वाकड्या आल्या. मी, आई, सासूबाई आणि लेक. सोंगट्या म्हणून डब्यातले बारीक शिंपले घेतले, चार रंगांचे. पट अजून पुसलेला नाही.